विश्लेषण : लेखक आघाडीवर जेमतेम सात आठवडे, तरीही सैनिक म्हणाले ‘हे आमचेच’! ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’मधील खंदक किती खरे?

‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ हा जर्मन चित्रपट २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर आला आणि पुढच्या वर्षी त्याने चार ऑस्कर पटकावले. चिखलाने माखलेला, थरथरणारा कोवळा सैनिक मोबाइलच्या पडद्यावर अनेकांनी पाहिला. हा चित्रपट ज्या कादंबरीवर बेतला आहे, ती एरिख मारिया रेमार्क यांनी लिहिली आणि १९२९ मध्ये पुस्तकरूपात आली. पहिल्या महायुद्धातील खंदकांचे जगणे सांगणारी सर्वाधिक वाचली गेलेली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते.

मात्र ती प्रसिद्ध झाली तेव्हापासून एक आक्षेप तिची पाठ सोडत नाही. रेमार्क स्वतः आघाडीवर दोन महिनेही नव्हते. मग त्यांनी लिहिलेले खरे कसे मानायचे? कादंबरीतील प्रसंग आणि इतिहासातील नोंदी शेजारी ठेवल्या तर काय दिसते, ते समजून घेऊ.

कादंबरीत काय आहे?

पॉल बॉयमर हा शाळकरी मुलगा आणि त्याचे वर्गमित्र कांतोरेक नावाच्या शिक्षकाच्या देशप्रेमाच्या भाषणांनी भारावून सैन्यात भरती होतात. आघाडीवर गेल्यावर एकेक मित्र मरत जातो. चाळिशीचा कॅट हा अनुभवी सैनिक या मुलांना जगायचे कसे ते शिकवतो. शेवटी कॅटही जातो आणि ऑक्टोबर १९१८ मध्ये, युद्ध संपायला काही आठवडे उरले असताना, पॉलही मरतो. तो दिवस इतका शांत असतो की पश्चिम आघाडीवर सांगण्यासारखे काही नाही, अशा आशयाची नोंद लष्करी अहवालात होते. मूळ जर्मन शीर्षकाचा अर्थ हाच, ‘पश्चिमेकडे नवे काही नाही’. एका माणसाचा मृत्यू ही लष्कराच्या लेखी बातमीच नव्हती, हे त्या शीर्षकातून कळते.

रेमार्क आघाडीवर किती दिवस होते?

रेमार्क यांचा जन्म १८९८ मध्ये जर्मनीतील ओस्नाब्रुक येथे झाला. ते पॉलसारखे स्वेच्छेने भरती झाले नाहीत. नोव्हेंबर १९१६ मध्ये, वयाच्या १८व्या वर्षी, त्यांना सक्तीने सैन्यात घेण्यात आले. प्रशिक्षणानंतर जून १९१७ मध्ये त्यांना पश्चिम आघाडीवर पाठवले गेले. बेल्जियममधील फ्लँडर्स भागात ते सॅपर्सचे, म्हणजे खंदक खणणे, काटेरी तारा लावणे, बांधकाम करणे असे काम करत. हे काम बहुतांशी रात्री आणि तोफांच्या माऱ्याच्या टप्प्यात चाले.

३१ जुलै १९१७ रोजी ब्रिटिशांनी ईप्र शहराजवळ मोठा हल्ला सुरू केला. ही ईप्रची तिसरी लढाई. त्याच दिवशी रेमार्क तोफगोळ्याच्या तुकड्यांनी पाय, हात आणि मान अशा तीन ठिकाणी जखमी झाले. त्यांची रवानगी जर्मनीतील ड्युसबर्ग येथील रुग्णालयात झाली आणि जवळपास युद्ध संपेपर्यंत ते तिथेच होते.

म्हणजे आघाडीवर सुमारे सात आठवडे आणि रुग्णालयात एक वर्षाहून अधिक काळ. आक्षेप घेणारे पहिल्या आकड्याकडे बोट दाखवतात. पण दुसरा आकडाही तितकाच महत्त्वाचा आहे. रुग्णालयात वेगवेगळ्या रेजिमेंटमधले, वेगवेगळ्या लढायांतून आलेले जखमी सैनिक शेजारच्या खाटांवर होते. ते काय बोलतात हे रेमार्क ऐकत होते, टिपून ठेवत होते. एकटा सैनिक आपल्यासमोरचा शे-दोनशे मीटरचा पट्टा पाहतो. रेमार्क यांच्याकडे अनेक पट्ट्यांच्या कहाण्या जमा झाल्या.

काही गोष्टी मात्र थेट त्यांच्याच आयुष्यातल्या आहेत. पॉलच्या आईला कॅन्सर असतो. रेमार्क यांच्या आईचेही सप्टेंबर १९१७ मध्ये कॅन्सरने निधन झाले. कादंबरीत पॉल जखमी कॅटला पाठीवर घेऊन उपचार केंद्रापर्यंत आणतो, पण वाटेत डोक्यात घुसलेला बारीक तुकडा त्याच्या लक्षातच येत नाही आणि कॅट मेलेला असतो. रेमार्क यांनीही एका जखमी सहकाऱ्याला माऱ्यातून बाहेर आणले होते आणि तोही डोक्यातल्या न दिसलेल्या जखमेने गेला, असे त्यांच्या चरित्रांत नोंदले आहे.

खंदक म्हणजे नेमके काय होते?

१९१४ च्या शरद ऋतूपर्यंत दोन्ही बाजूंच्या सैन्यांची आगेकूच थांबली. मशीनगन आणि वेगाने मारा करणाऱ्या तोफांसमोर मोकळ्या मैदानात उभे राहणे अशक्य झाले आणि सैनिक जमिनीखाली गेले. उत्तर समुद्रापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत सुमारे ७०० किलोमीटरची आघाडी तयार झाली. हे अंतर साधारण मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाएवढे.

खंदक एका ओळीचा नसे. सर्वांत पुढे आघाडीचा खंदक, मागे मदतीचा, त्यामागे राखीव तुकड्यांचा आणि या तिन्हींना जोडणारे आडवेतिडवे चर अशी रचना असे. खंदक सरळ रेषेत न खणता नागमोडी खणत, म्हणजे गोळा आत फुटला तरी त्याचे तुकडे लांबवर जात नसत आणि शत्रू आत शिरलाच तर त्याला एका जागेवरून संपूर्ण खंदकावर गोळ्या झाडता येत नसत. जर्मन सैन्याने काही भागांत तर जमिनीखाली नऊ-दहा मीटर खोल खोल्या खणल्या होत्या.

सैनिक सतत पुढच्या खंदकात नसत. काही दिवस पुढे, काही दिवस मदतीच्या ओळीत, मग मागे विश्रांती असे चक्र असे. कादंबरीची रचनाही तशीच आहे. ती लढाईने सुरू होत नाही, तर मागच्या छावणीत पोटभर जेवून विसावलेल्या सैनिकांपासून सुरू होते. युद्धपट पाहून रोजच हल्ला होत असावा असे वाटते. प्रत्यक्षात सैनिकाचा बराचसा वेळ वाट पाहण्यात, खणण्यात, ओझी वाहण्यात आणि जेवण कधी येते याची चौकशी करण्यात जाई. त्या रिकाम्या वेळेला कादंबरीत भरपूर जागा आहे आणि आघाडीवरून आलेल्यांना ती ओळखीची वाटण्याचे हे पहिले कारण.

तोफगोळा आवाजावरून ओळखता येत असे का?

हो, आणि त्यावर जीव अवलंबून असे. या युद्धात सर्वाधिक बळी तोफांनी घेतले. ब्रिटिश सैन्याच्या नोंदींनुसार निम्म्याहून अधिक जखमा तोफगोळे आणि उखळी तोफांच्या माऱ्याने झाल्या होत्या. ज्या लढाईत रेमार्क जखमी झाले, त्या लढाईच्या आधीपासून सुरू असलेल्या सुमारे अडीच आठवड्यांच्या माऱ्यात एकट्या ब्रिटिशांनी ४० लाखांहून अधिक गोळे डागले. आजही बेल्जियममधील शेतकऱ्यांच्या नांगराला न फुटलेले गोळे लागतात आणि ते निकामी करण्यासाठी लष्कराचे पथक कायम कामावर असते.

कादंबरीत कॅट नव्या मुलांना आवाज ओळखायला शिकवतो. मोठा गोळा लांबून घोंघावत येतो, त्यामुळे आडवे व्हायला क्षणभर मिळतो. लहान तोफांचे गोळे मात्र जमिनीलगत, वेगात येतात आणि गोंधळात त्यांचा आवाज कळतच नाही. यामागे साधे विज्ञान आहे. मैदानी तोफेचा गोळा नळीतून बाहेर पडतो तेव्हा त्याचा वेग आवाजापेक्षा जास्त असतो. जवळून डागला असेल तर तो आवाजाच्या आधी किंवा आवाजाबरोबरच येऊन पोहोचतो. हे ज्ञान कोणत्याही प्रशिक्षण केंद्रात मिळत नव्हते. म्हणूनच घाईघाईने तयार करून पाठवलेले नवे सैनिक जुन्यांपेक्षा कितीतरी जास्त संख्येने मरताना कादंबरीत दिसतात.

उवा, उंदीर आणि चिखल यांचे वर्णन अतिरंजित आहे का?

नाही. या बाबतीत दोन्ही बाजूंच्या सैनिकांची पत्रे, डायऱ्या आणि डॉक्टरांच्या नोंदी कादंबरीशी जुळतात.

कादंबरीत त्यादेन नावाचा सैनिक बूट पॉलिशच्या डबीचे झाकण तारेने मेणबत्तीवर टांगतो आणि त्यात उवा टाकून मारतो. एकेक मारण्यापेक्षा हे सोपे. प्रत्यक्षातही मेणबत्तीची ज्योत कपड्यांच्या शिवणींवरून फिरवून उवा मारणे हा सैनिकांचा रोजचा उद्योग होता. उवांचा त्रास खाजेपुरता नव्हता. १९१५ पासून डॉक्टरांना ‘ट्रेंच फीव्हर’ हा नवा ताप दिसू लागला. नडग्या विलक्षण दुखत आणि ताप उतरून पुन्हा चढे. तो उवांमुळे पसरतो हे १९१८ मध्ये सिद्ध झाले, तोपर्यंत लाखो सैनिकांना त्याने गाठले होते.

उंदीर प्रेतांवर वाढत आणि सैनिकांच्या पावावर तुटून पडत. कादंबरीत सैनिक उंदरांनी कुरतडलेला भाग कापून काढतात, पण पाव फेकून देत नाहीत, कारण मग खायला काहीच उरत नाही. कुरतडलेले तुकडे मधोमध ठेवून रात्री उंदीर जमले की फावड्यांनी मारतात.

दिवसेंदिवस थंड पाण्यात उभे राहिल्याने पाय बधिर होऊन सडू लागत, याला ‘ट्रेंच फूट’ म्हणत. १९१४-१५ च्या हिवाळ्यात एकट्या ब्रिटिश सैन्यात सुमारे २० हजार सैनिकांना त्याने ग्रासले. त्यावर उपाय सापडला तो अगदी साधा. कोरडे मोजे, पायांना तेल चोळणे आणि सैनिकांनी जोडीजोडीने एकमेकांचे पाय रोज तपासणे.

एका बुटाच्या जोडाला इतके महत्त्व का?

कादंबरीतील केमरिख या मुलाचा पाय कापावा लागतो आणि तो रुग्णालयात मरणपंथाला लागलेला असतो. त्याचा मित्र म्युलर भेटायला येतो, तेव्हा त्याची नजर खाटेखालच्या मऊ चामड्याच्या उंच बुटांवर जाते. केमरिखला आता ते लागणार नाहीत. केमरिख गेल्यावर बूट म्युलरकडे येतात, म्युलर मेल्यावर पॉलकडे आणि पॉलनंतर ते त्यादेनला मिळतील असे ठरलेले असते.

वरवर हे क्रूर वाटते. पण ब्रिटनच्या सागरी नाकेबंदीमुळे जर्मनीत चामड्यापासून धान्यापर्यंत सगळ्याचा तुटवडा होता आणि चांगले बूट म्हणजे पाय वाचण्याची शक्यता. म्युलर निष्ठुर नाही, तो फक्त जिवंत राहण्याचा हिशेब करतो आहे, हे रेमार्क दाखवतात.

केमरिखचा पाय कापला जाणे हेही त्या काळाला धरून आहे. फ्रान्स आणि बेल्जियमची जमीन शतकानुशतके शेणखत घातलेली होती. गोळ्याच्या तुकड्याबरोबर ती माती आणि कपड्याच्या चिंध्या जखमेत जात. त्या मातीतले जंतू जखमेत वायू तयार करत मांस सडवत. प्रतिजैविके अजून यायची होती. पाय कापणे हा बऱ्याचदा एकमेव उपाय असे आणि तोही अनेकदा उशिराच होई.

दुप्पट जेवणाचा प्रसंग काय सांगतो?

कादंबरीच्या सुरुवातीला १५० जणांच्या कंपनीसाठी स्वयंपाक झालेला असतो आणि आघाडीवरून परत येतात फक्त ८०. स्वयंपाकी अडून बसतो, पण शेवटी उरलेल्यांना सगळे जेवण मिळते. पोटभर जेवल्याचा आनंद आणि निम्मी कंपनी गारद झाल्याची बातमी एकाच ताटात वाढली जाते.

या आनंदामागे खरी भूक होती. १९१६-१७ चा हिवाळा जर्मनीत ‘सलगमचा हिवाळा’ म्हणून ओळखला जातो. बटाट्याचे पीक बुडाले आणि एरवी जनावरांना घालायचे सलगम माणसांच्या पोटात गेले. रेमार्क सैन्यात गेले ते नेमक्या याच हिवाळ्यात. कादंबरीतील रजेवर घरी आलेला पॉल आपल्या वाट्याचे खाणे आईसाठी घेऊन येतो, कारण घरच्यांचे हाल सैनिकांपेक्षा वाईट आहेत. शेवटच्या भागात अन्न निकृष्ट होते, हगवण पसरते, तोफांच्या नळ्या झिजून गोळे आपल्याच खंदकात पडू लागतात. १९१८ मधील जर्मन सैन्याची अवस्था साधारण अशीच होती.

विषारी वायूचे प्रसंग किती अचूक?

२२ एप्रिल १९१५ रोजी जर्मन सैन्याने ईप्रजवळ क्लोरिन वायू सोडला. त्याच वर्षाच्या अखेरीस फॉस्जीन आणि जुलै १९१७ मध्ये मस्टर्ड गॅस आला. कादंबरीत काही नवे सैनिक खड्ड्यात लपलेले असताना मास्क काढून टाकतात आणि मरतात. वर उभ्या असलेल्यांनी मास्क काढलेले त्यांना दिसते, पण वायू सखल जागी सर्वांत जास्त वेळ टिकून राहतो हे त्यांना ठाऊक नसते.

क्लोरिन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड, तर फॉस्जीन त्याहूनही जड. त्यामुळे हे वायू खड्डे, खंदक आणि तळघरात साचून राहतात. म्हणजे गोळ्यांपासून वाचवणारी जागाच वायूच्या हल्ल्यात सर्वांत धोक्याची ठरे. खंदकाच्या युद्धाचा हा मोठा पेच रेमार्क यांनी चार-सहा वाक्यांत मांडला आहे.

मनावर झालेल्या जखमांचे काय?

सतत तोफांचा मारा सुरू असताना जमिनीखालच्या खोलीत अडकलेला एक नवा सैनिक कादंबरीत अचानक बाहेर पळू लागतो. सहकारी त्याला मारून, दाबून आत ठेवतात. ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी फेब्रुवारी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’ हा शब्द वापरला. जर्मनीत अशा थरथरणाऱ्या सैनिकांना ‘युद्धाने कापणारे’ या अर्थाचे नाव पडले आणि काहींवर विजेचे झटके देऊन उपचार केले गेले. अनेक अधिकारी त्यांना भेकड किंवा ढोंगी समजत.

कादंबरीतील सर्वांत वेगळा भाग मात्र आघाडीवरचा नाही, घरचा आहे. रजेवर आलेल्या पॉलला वडील आघाडीच्या गोष्टी विचारतात, गावातले प्रतिष्ठित लोक नकाशावर कुठे हल्ला करावा हे सांगतात. पॉलला काही बोलता येत नाही. आपल्या जुन्या खोलीत, आपल्याच पुस्तकांसमोर तो परका होतो. युद्धकाळात अब्जावधी पत्रे जर्मन टपालातून गेली. त्यांत ‘मी ठीक आहे, काळजी करू नका’ असे लिहिणारे कितीतरी होते. जे पत्रात लिहिता आले नाही, ते या कादंबरीत सापडले.

मग कादंबरीत काहीच बदललेले नाही का?

बदललेले आहे. पॉल स्वयंसेवक म्हणून जातो आणि काही वर्षे लढतो; लेखकाच्या वाट्याला ते आले नव्हते. पॉल एका फ्रेंच सैनिकाला खड्ड्यात भोसकतो आणि तो मरेपर्यंत त्याच्याजवळ अडकून पडतो, हा कादंबरीतील सर्वांत गाजलेला प्रसंग. पण शस्त्राने समोरासमोर मारणे या युद्धात दुर्मीळ होते. ब्रिटिश नोंदींत संगिनीने झालेल्या जखमा एक टक्क्याहूनही कमी आहेत. बहुतेक सैनिकांनी आपण कोणाला मारले हे कधी पाहिलेच नाही. रेमार्क यांनी हा विरळा प्रसंग निवडला, कारण त्यातून शत्रूलाही नाव, बायको, मूल असते हे दाखवता येत होते.

प्रकाशकानेही भर घातली. एका प्रकाशकाने, ‘आता युद्धाबद्दल कोण वाचणार’ या विचाराने, हस्तलिखित नाकारले होते. नंतर ती कादंबरी ‘फोसिशे त्साइटुंग’ या बर्लिनच्या दैनिकात नोव्हेंबर १९२८ पासून क्रमशः आली, तेव्हा साध्या सैनिकाची सरळ साक्ष म्हणून तिची जाहिरात झाली. रेमार्क तोपर्यंत पत्रकार होते आणि त्यांची एक कादंबरी आधीच प्रसिद्ध झाली होती. ‘फसवणूक झाली’ असे म्हणणाऱ्यांना इथे मुद्दा मिळाला.

त्याच आघाडीवर लढलेले अर्न्स्ट युंगर हे जर्मन अधिकारीही लेखक होते. ते अनेकदा जखमी झाले आणि त्यांना सर्वोच्च जर्मन शौर्यपदक मिळाले. त्यांच्या १९२० मधील आठवणींत चिखल, गोळे, प्रेते हे सगळे तसेच आहे, पण त्यांना युद्धात माणूस घडवणारा अनुभवही दिसतो. म्हणजे तपशिलांबाबत दोघांत वाद नाही, वाद आहे तो त्या तपशिलांच्या अर्थाबाबत.

या कादंबरीची एवढी भीती कोणाला वाटली?

पहिल्या दीड वर्षात कादंबरीच्या सुमारे २५ लाख प्रती खपल्या आणि २२ भाषांत अनुवाद झाले. १९३० मध्ये हॉलिवूडने त्यावर चित्रपट काढला. डिसेंबर १९३० मध्ये तो बर्लिनमध्ये लागला, तेव्हा गोबेल्सच्या नेतृत्वाखाली नाझींनी चित्रपटगृहात दुर्गंधीचे बॉम्ब फेकले, पांढरे उंदीर सोडले. काही दिवसांतच जर्मनीत त्यावर बंदी आली. हिटलर सत्तेवर आल्यावर १० मे १९३३ रोजी रेमार्क यांची पुस्तके जाळण्यात आली आणि १९३८ मध्ये त्यांचे नागरिकत्व काढून घेतले गेले.

ते स्वतः देशाबाहेर सुरक्षित होते. त्यांची धाकटी बहीण एल्फ्रिडे मात्र जर्मनीत होती, कपडे शिवून पोट भरत होती. युद्ध हरल्यात जमा आहे, असे बोलल्याबद्दल तिच्यावर खटला चालला आणि डिसेंबर १९४३ मध्ये तिचा शिरच्छेद करण्यात आला.

कादंबरीत सरकारविरोधी घोषणा जवळपास नाहीत. पुढच्या युद्धासाठी मुले हवी असलेल्या राजवटीला मागच्या युद्धातील बूट, उवा आणि हगवण यांचे वर्णनच पुरेसे अडचणीचे होते.

भारतीय आणि मराठी सैनिकांचा याच्याशी काय संबंध?

पश्चिम आघाडीच्या खंदकांत फक्त युरोपीय सैनिक नव्हते. रेमार्क तिथे पोहोचण्याच्या जवळपास तीन वर्षे आधी, सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस, भारतीय सैन्याच्या लाहोर आणि मेरठ डिव्हिजन फ्रान्समधील मार्से बंदरात उतरू लागल्या होत्या. हिवाळा तोंडावर आणि अंगावर उष्ण प्रदेशातले कपडे अशी स्थिती होती.

त्यांत पुण्याजवळच्या खडकीत मुख्यालय असलेल्या बॉम्बे सॅपर्सच्या कंपन्याही होत्या. त्यांचे कामही रेमार्क यांच्यासारखेच, खणणे, तारा लावणे, बांधणे. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समधील न्यूव्ह शापेल गावावरील हल्ल्यात या सॅपर्सना पायदळाबरोबर थेट लढायला पाठवले गेले आणि त्यांचे जवळपास सर्व अधिकारी ठार किंवा जखमी झाले. याच गावी मार्च १९१५ मध्ये पुन्हा मोठी लढाई झाली. आज तिथल्या स्मारकावर ज्यांची कबर सापडली नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीय सैनिकांची नावे आहेत.

१९१५ च्या अखेरीस भारतीय पायदळ फ्रान्समधून हलवून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, नेण्यात आले. तिथे मराठा पलटणी आधीपासून लढत होत्या. कूत शहराला तुर्की सैन्याने डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ असा जवळपास पाच महिने वेढा घातला. आत अडकलेल्यांत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. तिथेही खंदक, पूर, उपासमार आणि रोगराई होती. शेवटी घोड्याचे मांस खाण्याची वेळ आली आणि धर्मामुळे अनेकांनी बराच काळ ते नाकारले. शरणागतीनंतर कैदेत हजारो मेले.

या सैनिकांच्या अनुभवांचे काय झाले? फ्रान्समधील भारतीय सैनिकांपैकी अनेकांना लिहिता येत नव्हते. ते दुसऱ्याकडून पत्र लिहवून घेत. पत्र आधी सेन्सॉरच्या हाती पडे. त्यामुळे काही जण गोरे सैनिक म्हणजे तांबडी मिरची आणि भारतीय सैनिक म्हणजे काळी मिरी अशा सांकेतिक भाषेत लिहीत. सेन्सॉरने भाषांतर करून ठेवलेले त्या पत्रांचे उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. म्हणजे ज्याने ती पत्रे अडवली, त्याच्याच दप्तरात ती टिकली. पुढे मुल्कराज आनंद यांनी ‘अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स’ या इंग्रजी कादंबरीत लालू या पंजाबी शेतकऱ्याच्या मुलाच्या नजरेतून हेच खंदक दाखवले.

चित्रपट आणि कादंबरी यांत फरक काय?

२०२२ चा चित्रपट पाहून कादंबरी वाचली असे समजू नये. चित्रपटातील शस्त्रसंधीच्या वाटाघाटी कादंबरीत नाहीत. चित्रपटात पॉल ११ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्ध थांबण्याच्या अगदी शेवटच्या क्षणी हल्ल्यात मरतो. कादंबरीत तो ऑक्टोबरमधल्या एका शांत दिवशी मरतो आणि कोणाला त्याची दखलही घ्यावीशी वाटत नाही. रजेवर घरी जाण्याचा भागही चित्रपटात वगळला आहे. लढाईचे दृश्य पडद्यावर जास्त प्रभावी दिसते, पण घरी आलेल्या सैनिकाला बोलता न येणे हे समजून घ्यायचे तर पुस्तकाकडेच जावे लागते.

सैनिकांना ती खरी का वाटली?

रेमार्क यांनी लढाईचे नकाशे, सेनापतींची नावे, विजय-पराजय यांना जवळपास हातच लावला नाही. कोणती टेकडी कोणी जिंकली हे कादंबरीतून कळत नाही. कळते ते पाव कसा होता, बूट कोणाकडे गेले, कोणत्या आवाजाला आडवे व्हायचे. आघाडीवरच्या सैनिकालाही एवढेच कळत असे. त्याच्या समोर जे होते तेवढेच पुस्तकात आहे, म्हणून लेखकाचे सात आठवडे वाचकांना खटकले नाहीत.

महाराष्ट्रात सातारा, रत्नागिरीसारख्या जिल्ह्यांतील काही गावांत इंग्रजांच्या काळातील दगडी पाट्या आहेत. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतके जण गेले आणि इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर त्यांवर असतो. पॉलच्या मृत्यूच्या दिवशीच्या लष्करी अहवालासारखाच तो त्रोटक आहे. गेलेल्यांनी काय खाल्ले, पायात काय होते, कशाची भीती वाटली, यातले काही त्या पाटीवर नाही. रेमार्क यांनी आपल्या बाजूच्या सैनिकांसाठी ते लिहून ठेवले.